उताऱ्याची बांधणी ओळखताना ‘मुळे’, ‘तर’ आणि ‘ऊन’

दहावीच्या मराठीत अपठित उताऱ्यावर ओघतक्ता, तुलना, कारणे लिहा अशा कृती येतात. लेखकाने माहिती कशी मांडली आहे हे कळलं, तर त्या सोप्या जातात. त्यासाठी मुलांकडून ‘कारण, म्हणून, परंतु, प्रथम’ ही यादी पाठ करून घेतली जाते. मला ती अपुरी वाटते, कारण मराठीतल्या बऱ्याच खुणा सुट्या नसतातच. ‘पावसामुळे’, ‘धरण भरल्याने’, ‘वाईपेक्षा’ यांत त्या शब्दाला चिकटलेल्या असतात आणि घाईत नजरेतून निसटतात.

क्रम तर क्रियापदाच्या पोटात असतो. ‘उकड्या तांदळासाठी भात भिजवून, उकडून, वाळवून गिरणीत भरडतात.’ पायऱ्या चार, पण ‘प्रथम’ किंवा ‘नंतर’ कुठेही नाही. ओघतक्त्याच्या चौकटी भरताना ‘ऊन’वाली रूपं मोजा आणि शेवटचं क्रियापद त्यांत मिळवा. मात्र ‘ती हसून म्हणाली’ यात दोन पायऱ्या नाहीत. ती बोलण्याची रीत आहे.

काही शब्द दुहेरी असतात. ‘जर पाऊस लांबला, तर’ ही अट. ‘महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच्या पूर्वेला असलेल्या वाईला १००० सुद्धा नाही’ ही तुलना. ‘उशीर झाला म्हणून’ हे कारण, पण ‘शिक्षक म्हणून काम केलं’ यात कारण शोधू नका.

सगळ्यात जास्त घोळ मिश्र उताऱ्यात, म्हणजे तुलना आणि कारण दोन्ही असतात तिथे, होतो. समजा, वरच्या तुलनेनंतर पुढच्या परिच्छेदात उताऱ्याचा लेखक सांगतो, की समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात, घाटमाथ्यावर पाऊस पाडतात; त्यामुळे पूर्वेला उतरताना त्यांत बाष्प थोडंच उरतं. एक ‘त्यामुळे’ दिसला, की मुलं सगळा उतारा कार्यकारणाचा ठरवतात. म्हणून परिच्छेदागणिक समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहावा: इथे ‘का?’चं उत्तर आहे, ‘कसं?’चं, की ‘फरक काय?’चं? पहिल्या परिच्छेदाला ‘फरक काय?’ आणि दुसऱ्याला ‘का?’ असं लिहिलं, की कोणती कृती कुठे सोडवायची ते दिसतं.

तरी शंका उरली, तर दोन वाक्यांची मनात अदलाबदल करून पाहा. महाबळेश्वर आधी की वाई आधी, तुलनेत फारसं बिघडत नाही. वाऱ्यांनी थंड होण्याआधीच पाऊस पाडला, तर अर्थ कोसळतो. तिथे क्रम किंवा कारण आहे.