नेट गेलं म्हणून फायरवॉल बंद करू नका

पावसाळ्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत हा प्रकार घरोघरी दिसतो. नेट जातं, केबलवाल्याचा माणूस येतो, कॉम्प्युटरची फायरवॉल बंद करून बघतो. तेवढ्यात लाइन आपोआप परत येते आणि फायरवॉल मात्र बंदच राहून जाते. पुढे महिनोन् महिने तिकडे कुणी बघत नाही.

विंडोजची फायरवॉल बाहेरून न मागता आत येणारं अडवते. आतून बाहेर जाणाऱ्या गोष्टी ती मूळ सेटिंगमध्ये अडवतच नाही. म्हणजे ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नसेल, तर दोष तिचा असण्याची शक्यता फार कमी. आधी लाइन, मग राउटर, मग कॉम्प्युटरला राउटरकडून मिळालेला आकडी पत्ता (आयपी), मग डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी सोय, आणि सर्वांत शेवटी फायरवॉल, या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा फायरवॉलपर्यंत पोहोचावंच लागत नाही.

फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाहीये. घरातून काही करून ते सुधारणार नाही. फक्त मागची पातळ वायर कपाटाच्या दारात चेमटलेली किंवा टीव्हीमागे घट्ट दुमडलेली नाही ना, ते बघा. वायरचं टोक काढून त्यात डोकावू नका, कारण त्यातला लेसर डोळ्याला दिसत नाही. ‘पॉन’ दिवा, म्हणजे कंपनीशी जोडणी झाल्याची खूण, स्थिर असूनही नेट तुटत असेल तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’चा, म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा वाचा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर चिंता नको. उणे २७च्या पलीकडे गेला की लाइन रडतखडत चालते. हिरव्या तोंडाची आणि निळ्या तोंडाची जोडणी एकमेकांत बसवली असेल तरी असंच होतं, कारण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. हा आकडा लिहून ठेवा. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा तो सांगितला की माणूस लवकर येतो.

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतींत अजून बऱ्याच ठिकाणी जिन्यात किंवा गच्चीवर नेटचा स्विच, म्हणजे घराघरांत लाइन वाटणारा विजेवर चालणारा डबा, असतो आणि तिथून घरात साधी लॅन केबल येते. अशा ठिकाणी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद केली की घरातला इन्व्हर्टर उपयोगाचा नाही, कारण स्विचच मेलेला असतो. शेजाऱ्यांचं नेट चालू आहे का, हे आधी विचारा.

लॅन केबलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पैसे फुकट जातात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही वेग ९४-९५च्या पुढे सरकत नसेल, तर केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारांवर १०० एमबीपीएस चालतं. गिगाबिटला आठही लागतात. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १००/१०० दिसत असेल तर केबलवाल्याला दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करायला, म्हणजे नवे प्लग दाबून बसवायला, सांगा. रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शिवाय १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, हे डाउनलोडचा आकडा बघताना लक्षात असू द्या.

आता कॉम्प्युटर. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) द्या. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. राउटर बंद-चालू करा, केबल बदलून बघा. पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल तर आधी राउटरला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता द्या आणि उत्तर येतं का बघा, मग गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर अडचण पुढच्या लाइनमध्ये किंवा लॉगिनमध्ये आहे. ८.८.८.८ उत्तर देतो पण संकेतस्थळ उघडत नाही, तर डीएनएस बिघडलाय, राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका.

स्थानिक केबलवाल्यांच्या बऱ्याच लाइन पीपीपीओई लॉगिनवर, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन, चालतात. कॉम्प्युटरवरून थेट जोडताना ६९१ हा एरर आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय, किंवा प्लॅन संपलाय. नवा राउटर लावल्यावर लॉगिन होतच नसेल तर जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा कायमचा क्रमांक, केबलवाल्याकडे बांधलेला असू शकतो. फोन करून तो मोकळा करून घ्या. काही पानं झटकन उघडतात आणि काही फिरतच राहतात, असं झालं तर राउटरचा एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पॅकेटचा कमाल आकार, तपासा. पीपीपीओईत तो १४९२ असतो, १५०० नाही.

एक कारण जुन्या डेस्कटॉपवर फार वेळा निघतं: मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि बँकेपासून मेलपर्यंत सगळीकडे सर्टिफिकेट चुकीचं असल्याचा इशारा येतो. लोक अँटीव्हायरसला दोष देतात. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा.

एवढं सगळं ठीक असेल तरच फायरवॉलकडे या. तिच्यामुळे खरोखर बिघडतात त्या गोष्टी वेगळ्या: घरातला प्रिंटर सापडत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडत नाही. राउटर बदलला की विंडोजला ते जाळं नवं वाटतं आणि बहुतेक वेळा त्याला ‘पब्लिक’ प्रोफाइल, म्हणजे परक्या जाळ्यासाठीचे कडक नियम, लागतं. घरचं जाळं असेल तर नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून केलेल्या पिंगला उत्तर आलं नाही, एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका. पब्लिक प्रोफाइलमध्ये ते न येणंच अपेक्षित आहे.

दुसरी गुंतागुंत जास्त चकवते. एखादं सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवताना फायरवॉल परवानगी विचारते. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं की विंडोज त्या सॉफ्टवेअरसाठी अडवण्याचे नियम तयार करून ठेवते. नंतर तुम्ही कितीही परवानगीचे नियम घातलेत तरी उपयोग होत नाही, कारण अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. उपाय: विंडोज फायरवॉलच्या ‘ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ खिडकीत ‘इनबाउंड रूल्स’ उघडा, त्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे लाल खूण असलेले नियम शोधून काढून टाका आणि मग परवानगी द्या.

मुदत संपलेले किंवा अर्धवट काढलेले अँटीव्हायरस हे तिसरं कारण, आणि यात ब्राउझरही बंद पडतो. दोन अँटीव्हायरस कधीच ठेवू नका. जुना काढताना त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटश विनसॉक रीसेट (netsh winsock reset) द्या आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

घराबाहेरून सीसीटीव्ही दिसत नाही, ही तक्रार घोडबंदर रोडच्या आणि खारघरच्या टॉवरांत नेहमीची आहे. राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे त्याला केबलवाल्याकडून मिळालेला बाहेरचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल तर तुमचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरने कॅमेऱ्याकडे वळवणं, तिथे चालणारच नाही. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा न बदलणारा पत्ता, घ्या किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा. दुरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट मात्र कधीही बाहेर उघडू नका. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात.

फायरवॉल काही अडवतेय अशी शंका उरलीच, तर तिला बंद करण्याऐवजी तिचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, चालू करा. ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीच्या प्रॉपर्टीजमध्ये, प्रोफाइलच्या टॅबवर ‘लॉगिंग’मध्ये, टाकून दिलेल्या पॅकेटची (अडवलेल्या माहितीच्या तुकड्यांची) नोंद ‘येस’ करा; फाइलचं ठिकाणही तिथेच दिसतं. मग अडलेली गोष्ट पुन्हा करून बघा आणि त्या फाइलमध्ये ‘ड्रॉप’ (DROP) शब्द असलेल्या ओळी वाचा; पत्ता आणि पोर्ट तिथेच लिहिलेला असतो. नियमांचा फारच गोंधळ झाला असेल तर ‘रिस्टोअर डीफॉल्ट्स’ करा, पण त्याआधी ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ने सध्याचे नियम पेनड्राइव्हवर घ्या. रीसेटनंतर तुम्ही घातलेले सगळे नियम जातात, आणि दोन कॉम्प्युटरवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर घरी असेल तर त्याचा नियम पुन्हा घालावा लागतो.