कंट्रोलमधली वाकडी पिल्लं

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये माझं काम अंडी बघायचं. माशांची. पाणी किती विषारी आहे, ते त्यांच्यावरून कळतं. एमआयडीसीतून ठाणे खाडीकडे जाणाऱ्या एका नाल्याचं सॅम्पल आलं होतं. सोमवारी मी झेब्राफिशची ताजी अंडी २४ खणांच्या प्लेटमध्ये एकेक करून टाकली, नाल्याचं पाणी कमी-जास्त पातळ केलेलं, दर तीव्रतेला २०. अंडं काचेसारखं पारदर्शक, दुसऱ्या दिवशी हृदयाची धडधड बाहेरूनच दिसते. इतकी वर्षं झाली, ते बघायचा कंटाळा काही येत नाही.

गुरुवारी सवयीने मायक्रोस्कोपखाली आधी कंट्रोलची प्लेट लावली, तुलनेसाठी ठेवलेली, स्वच्छ पाण्यातली. बघते तर पिल्लांच्या शेपट्या वाकलेल्या! एखाददुसरी नव्हे, १४. मध्येच झटका आल्यासारखी थरथरायची. नाल्याच्या पाण्यातलीही तशीच.

इनक्युबेटर २६ अंशांवर, म्हणजे बरोबर. पाण्यात क्लोरीन राहिला असता तर मेलीच असती. डोकं खाजवत बसले होते, तेवढ्यात लादी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, शनिवारी झुरळांचं औषध मारून गेले ना. तुमची भांडी तिथंच वाळत होती."

पायरेथ्रॉइड. घरच्या मच्छरांच्या मॅटमध्ये असतं त्याच जातीतलं. मज्जातंतूंमधली सोडियमची दारं ते नीट मिटू देत नाही. आपलं शरीर त्याचा पटकन निकाल लावतं, माशाला ते जमत नाही. अन् अंड्यातच गाठलं तर कणाही वाकतो.

खरी गंमत शुक्रवारी. ९६ तासांच्या फॉर्मवर मेलं की जगलं ते ठरवणाऱ्या चारच खुणा: अंडं गोठलं का, शरीराचे खंड पडले का, शेपूट बलकापासून सुटली का, हृदय चालू आहे का. वाकडेपणाला रकानाच नाही! कंट्रोलमधली २० पैकी १९ जिवंत, म्हणजे कागदावर टेस्ट पास.

"मेली नाहीत ना? मग द्या रिपोर्ट," साहेब म्हणाले.

"सर, कंट्रोलच वाकडा आहे. सही नाही करणार मी."

दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी नवी भांडी, नवी अंडी. या खेपेला कंट्रोल सुतासारखा सरळ. नाल्यातल्या पिल्लांच्या हृदयाभोवती मात्र पाणी साठून फुगा झालेला. कच्च्या तेलातली रसायनं असं करतात. १९८९ मध्ये अलास्कात टँकर फुटल्यावर हेरिंगच्या पिल्लांतही अशी सूज दिसली होती. आमच्या नाल्यात तेलच होतं की आणखी काही, ते ही टेस्ट सांगत नाही. फुग्यालाही रकाना नव्हताच. मी शेऱ्यात लिहिलं.

साहेबांनी शेरा खोडला नाही. अक्षर तेवढं बारीक केलं.