आमची वाटचाल : डोंगरावरची खुरासणी आणि आमचा घाणा

दसऱ्याच्या आसपास इगतपुरी-त्र्यंबकच्या उतारांवर पिवळी फुलं उमलली की रस्त्याकडेला गाड्या थांबतात. फोटो काढणारे बहुतेक जण सोनकी समजूनच फोटो काढतात. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्याच, पण सोनकी रानात आपसूक येते आणि ही खुरासणी म्हणजे तेलबियांचं पीक, कुणीतरी पेरलेलं असतं. कोकणात हिलाच कारळे म्हणतात.

आमचा लाकडी घाणा सुरू झाला तो शेंगदाण्यावर. खुरासणी यायची ती फक्त डोंगरावरच्या वाड्यांतून. माणसं आपलं बी आणायची, तेल काढून न्यायची आणि पुष्कळदा मजुरीच्या बदल्यात पेंड आमच्याकडे सोडून जायची. ती पेंड गवळी हातोहात उचलायचे. शेंगदाण्याचं तेल मात्र दर दुसऱ्या गल्लीत मिळू लागलं होतं. मुंबईतली कोकणी गिऱ्हाइकं कारळ्याचं तेल आणि चटणीसाठी बी मागू लागली, तेव्हा आम्ही शेंगदाणा कमी करत आणला.

मग कळलं की या धंद्यातली खरी डोकेदुखी घाण्यात नाही, खळ्यात आहे. बी बारीक, काळं आणि चकचकीत. शेणमातीच्या खळ्यावर काठीने झोडपलं की मातीचे काळे खडे त्यात मिसळतात, तेही बियांच्याच आकाराचे. चाळणीतून दोन्ही सारखेच पडतात. सुपाने पाखडून हलका कचरा उडतो, खडा राहतो. तो घाण्यात गेला की लाट, म्हणजे बी चिरडणारा लाकडी दांडा, झिजते, तेल गढूळ होतं आणि चटणी कचकचते. यंत्र घ्यावं का यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही ताडपत्र्या घेतल्या आणि काढणीच्या आधीच वाड्यांवर वाटल्या. झोडपणी ताडपत्रीवर करायची, आम्ही किलोमागे भाव वाढवून द्यायचा. एका मावशींनी पहिल्याच वर्षी ठणकावलं, "ताडपत्री परत मागायची नाही हं, भाताला पण लागते." नाही मागितली.

खरेदी करताना अजूनही यंत्रापेक्षा नखावर भरवसा. बी नखाखाली दाबलं की कटकन फुटलं पाहिजे. नुसतं चेपलं तर ओल आहे, दोन दिवस ऊन द्या म्हणून परत.

पण मालच कमी होऊ लागला. कोरडवाहू, हलक्या जमिनीवर हेक्टरी तीन-चार क्विंटल आलं तरी चांगलं म्हणायचं. त्यात या पिकाची एक अट आहे: झाड स्वतःच्या परागाने जवळजवळ बीच धरत नाही. मधमाशी दुसऱ्या झाडाचा पराग आणेल तेव्हा बोंड भरतं. माशा नसतील तर फुलं डोंगरभर आणि बोंडं पोकळ. म्हणून फुलोऱ्यात आम्ही एका मधपाळाला सातेरी मधमाश्यांच्या पेट्या बांधावर ठेवायला बोलावतो. जागा शेतकऱ्याची, वाहतूक आमची, मध त्याचा. शेजारी भातावर फवारणी असेल तर ती संध्याकाळी करा, एवढी विनंती आम्ही घरोघरी फिरून करतो. सगळे ऐकतात असं नाही.

बियाणंही देतो. इगतपुरीच्या संशोधन केंद्राचं 'सह्याद्री' वाण इथल्यांच्या ओळखीचं आहे. हेक्टरी पाच-सहा किलो बी पुरतं, बारीक असल्याने वाळूत मिसळून पेरायचं. गुरं हिरव्या खुरासणीला तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखणीचा त्रास कमी. म्हातारी माणसं हे पीक सोडत नाहीत त्याचं अर्ध कारण मला तरी हेच वाटतं.

हमीभाव वाढलाय: २०२४-२५ ला क्विंटलला ८,७१७ रुपये होता, २०२५-२६ ला ९,५३७. निर्यातीलाही मागणी असते. परदेशात हे बी पक्ष्यांना घालतात आणि अमेरिकेत पाठवायचं तर आधी तापवावं लागतं, कारण सोबत अमरवेलीसारख्या तणाचं बी जाण्याची भीती. एका व्यापाऱ्याने आम्हालाही त्या धंद्यात यायचा आग्रह केला. आम्ही नको म्हटलं. तिकडे टनांत बोलतात. आमचा अख्ख्या हंगामाचा माल एका ट्रकात मावतो.

लाकडी घाण्यात तीन किलो बियांना जेमतेम लिटरभर तेल निघतं. दोन-चार दिवस निवळू द्यायचं, मग कापडातून गाळायचं. रंग फिकट पिवळा, वास किंचित भाजल्यासारखा. यात लिनोलिक आम्ल हा हवेने पटकन बिघडणारा स्निग्ध घटक भरपूर, म्हणून तेल लवकर खवट होतं. आम्ही वर्षाचं तेल एकदम काढून ठेवत नाही. बी साठवतो आणि मागणी येईल तसा घाणा लावतो. मोठ्या दुकानदारांना हे परवडत नाही, त्यांना कपाटात सहा महिने टिकणारी बाटली हवी असते. त्यांच्याशी आमचं जमलं नाही. नवं बी डिसेंबरात येतं. नव्या हंगामाचं तेल हवं असेल त्यांनी संक्रांतीनंतर मागवावं, आणि एका वेळी महिन्याला पुरेल इतकंच.