घराट पुन्हा फिरवताना

जात्याला टाकी लावली की पहिलं दळण कोंड्याचं करायचं, म्हणजे दगडाची कच निघून जाते, असं आजी सांगायची. गढवालमधल्या एका ओढ्याकाठी दोन माणूसभर उंचीच्या घराटात, म्हणजे तिकडच्या पाणचक्कीत, आम्ही नेमकं तेच केलं. पहिलं पसाभर पीठ करडं निघालं. बोडाजींनी ते बोटांत चोळून पाहिलं, बाहेर टाकलं आणि पुन्हा कोंडा ओतला. (बोडा म्हणजे तिकडे वडिलांचा थोरला भाऊ. घराट त्यांच्या आजोबांचं.)

मी मूळचा छत्रपती संभाजीनगरचा. खाम नदीकाठची पाणचक्की आमच्याकडे शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही चक्की डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर फिरायची आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळायची. लोक उंच भिंतीवरून हौदात पडणाऱ्या पाण्यापाशी थांबतात. मला लहानपणापासून ओढ होती ती खालच्या आडव्या चाकाची. पाणी तिरकं येऊन पात्यांवर आदळतं, चाकाचा उभा दांडा खालच्या दगडातून वर जातो आणि वरचा दगड फिरवतो. मध्ये दातेरी चाक नाही की पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. हिमालयातली घराटं याच जातीची. म्हणून कामानिमित्त गढवालमध्ये राहायला गेलो आणि बंद पडलेलं घराट दिसलं, तेव्हा परकं वाटलं नाही.

ते बंद पडून बरीच वर्षं झाली होती. रस्ता आला, त्यामागून विजेची चक्की आली, तरुण डोंगर सोडून खाली सपाटीवर गेले. घराट मात्र दगडामुळे बंद पडलं नव्हतं. ते बंद पडलं गुलीमुळे. गूल म्हणजे ओढ्यातून पाणी वळवून आणणारा पाट. इथे तो सुमारे तीनशे मीटरचा होता आणि निम्मा दरडीखाली गेला होता. मी आधी चाकाची मापं घेत बसलो होतो. बोडाजी म्हणाले, पहिल्यांदा पाणी दाखव, मग चाक. तिथून कामाचा क्रम बदलला.

गूल मोकळी करायला सोळा दिवस लागले. ती चार घरांच्या शेतांतून जाते, म्हणून आधी त्या चौघांची संमती घेतली आणि भातलावणीच्या दिवसांत पाणी शेताला, घराट बंद, असं ठरलं. एका कार्यालयात अर्जाचा कागद तीन महिने पडून राहिला, त्यावर अधिक काही लिहीत नाही. मग पाणी मोजलं. पाटाची रुंदी तीस सेंटिमीटर, खोली वीस. अक्रोडाचं टरफल सोडलं, ते दहा मीटर बारा सेकंदांत गेलं. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून वेगाचा ऐंशी टक्केच हिशेब धरला. सेकंदाला साधारण 40 लिटर आले. पण हे ओढ्याजवळचं माप. घराटापाशी जेमतेम निम्मं पाणी पोचत होतं, बाकी वाटेत मुरत होतं. माझा विचार सिमेंट लावायचा होता. गावातल्या बायकांनी चिकणमाती, गवताची ढेपं आणि चपटे दगड लावून भगदाडं बुजवली. पुढच्या पावसानंतर डागडुजी त्यांनाच करायची होती आणि हे सामान तिथेच, पायाखाली होतं.

चाकावरून मात्र आमचे खरे मतभेद झाले. जुनं चाक लाकडी, पाती कुजलेली. मला ते लाकडातच, जसंच्या तसं घडवायचं होतं. बोडाजींना वक्र पात्यांचं लोखंडी चाक हवं होतं. आकडे त्यांच्या बाजूने होते. तीन मीटरच्या उतारावर 40 लिटर पाण्यात मुळात सव्वा किलोवॉटच्या आतलीच ताकद असते. सपाट लाकडी पाती त्यातला पाव हिस्सा कशीबशी पकडतात, वक्र लोखंडी पाती जवळपास निम्मा. पण मला पटलं ते त्यांच्या बोलण्याने. मला दळायचं आहे, दाखवायचं नाही, आणि दर काही वर्षांनी लाकूड तासायला माझ्यानंतर इथे कोण आहे, असं ते म्हणाले. चाक लोखंडी झालं. पाणी उतरवणारी पन्हळ तेवढी चिडाच्या (पाइनच्या) ओंडक्यातून कोरली. आजही मला हा निर्णय बरोबर वाटतो. जुनी वस्तू वाचवायची तर ज्याच्या पोटाशी ती बांधलेली आहे त्याचं ऐकायला हवं.

सगळ्यात जास्त शिकलो ते दगडापाशी. वरची तळी पाऊण मीटर व्यासाची, दीडशे किलोच्या आसपास. पहारी आणि ओंडके लावून ती उलटवायला सहा माणसं लागली. घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर बोडाजींनी मधल्या भोकापासून कडेकडे जाणारे चर टाकीने पुन्हा खोदले. भोकापाशी दोन दगडांत दाणा शिरेल एवढी जागा हवी, कडेला मात्र कागद सरकावा एवढीच. हे अंतर राखायला खाली, चाकाच्या दांड्याच्या टोकाखाली एक तुळई असते. तिला जोडलेला दांडा वर येतो आणि पाचर ठोकली की दगड केसभर उचलला जातो. दाणे टाकणारी टोपली वर टांगलेली. तिच्या पन्हळीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकते आणि थरथरते, तेवढेच दाणे पडतात. दगड मंदावला की दाणेही आपोआप कमी. ही रचना ज्याने कुणी पहिल्यांदा केली त्याच्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

कोंड्यानंतर गहू, आणि मग खरी परीक्षा, मंडुवा. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. दाणा बारीक आणि टणक, दगडाचं अंतर जरा चुकलं की भरड पडते. बोडाजींनी पाचर दोनदा ठोकली, एकदा सैल केली. पीठ हातात घेतलं तर थंड लागलं. वेगवान विजेच्या चक्कीतून येतं तसं चटका देणारं नाही.

वरच्या वाडीतली एक काकी पाठीवर पिशवी घेऊन आली होती. तिचं दळण झाल्यावर बोडाजींनी त्यातलं एक माप पीठ डब्यात काढून घेतलं. तिकडे दळणावळीचा हा हिस्सा पिठातच देतात. काकीने पिशवी बांधली आणि शनिवारी गूल साफ करायला आपल्या घरातून कोण येईल ते सांगितलं.