बसणार कोण?

लग्नाची तारीख ठरली त्याच संध्याकाळी मोठ्या काकूचा फोन आला. आनंद सांगून झाला, मुलाकडच्या माणसांची चौकशी झाली आणि मग तिने आवाज जरा खाली आणत विचारलं, "मग बसणार कोण गं?"

क्षणभर मला उमगलंच नाही. मग लक्षात आलं. लग्नातल्या विधींना, म्हणजे ग्रहमखाला, पुण्याहवाचनाला, कन्यादानाला, मुलीकडून पाटावर बसणार कोण, असं ती विचारत होती. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आमच्याकडे बसायचं ते जोडीने, त्यामुळे आई नाही, काका-काकूच बसणार हे तिने धरून चालणं साहजिक होतं. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. काकांच्या रजेचं बघायचं होतं, एवढंच.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आई बसेल."

आई समोर मेथी निवडत होती. तिने वर बघितलं नाही, पण तिचे हात थांबले.

आमचं घर कर्वेनगरात. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला नेला. त्याच हिंगण्याचं आज कर्वेनगर झालंय. हे सगळं शाळेत पाठ केलेलं. त्यामुळे सव्वाशेहून जास्त वर्षांनी, याच गावात, स्वतःच्या मुलीच्या लग्नात आईने पाटावर बसायला कसली अडचण, असं मला मनापासून वाटत होतं. अडचण गुरुजींकडून आली, नातेवाइकांकडून आली. सगळ्यात मोठी आईकडूनच आली आणि तिची मला कल्पनाच नव्हती.

बाकीच्या तयारीबद्दल थोडक्यात सांगते. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे तुळशीची लग्नं लागली की पुढच्या तारखांसाठी सगळं पुणे एकदमच कार्यालयांच्या मागे लागतं. आम्ही मे महिन्यात फोन करायला लागलो तर डिसेंबरचे रविवार जवळजवळ सगळीकडे गेलेले. शेवटी एक गुरुवार मिळाला. जेवण कार्यालयाचंच घ्यायचं, संध्याकाळी पाचला हॉल रिकामा करून द्यायचा, जादा ताटांचा दर वेगळा, अशा अटी होत्या. या अटी लेखी घ्या, असं मी प्रत्येकीला सांगेन. आम्ही एक अट तोंडी ठेवली आणि नेमकी तीच शेवटच्या दिवशी अडली.

आता गुरुजी. घरी नेहमी येणाऱ्या गुरुजींना मी आणि माझा होणारा नवरा भेटायला गेलो. त्यांनी प्रेमाने बसवलं, याद्या काढून दिल्या. आईचा विषय निघाला तसे म्हणाले, "वहिनी असतीलच की हॉलमध्ये. बसायला काका-काकूंना सांगू. उगाच कोणाच्या मनात शंका नको." त्यांच्या बोलण्यात कठोरपणा अजिबात नव्हता, म्हणूनच मला उत्तर देता आलं नाही. बाहेर पडल्यावर रस्त्यातच रडू आलं.

मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनीत चौकशी केली. तिथे स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवतात आणि पुण्यात बायकांनी लग्न लावणं ही आता नवलाई राहिलेली नाही. ज्या पुरोहित बाई आम्हाला मिळाल्या त्यांनी पहिल्याच भेटीत एकेक विधी मराठीत समजावून सांगितला. आईबद्दल विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "आई बसतील की. पण त्यांना विचारलंय ना तुम्ही?"

मी हो म्हटलं. खरं तर विचारलं नव्हतं. ठरवून टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही लक्ष्मी रस्त्यावर साड्यांना गेलो. मी, आई आणि काकू. सोमवार टाळून गेलो, कारण तिथली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. माझी पैठणी काकूने निवडली आणि तिच्या नजरेला खरंच तोड नाही. तिने पदर उलटा करून दाखवला. हातमागावरच्या पैठणीत पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागावरच्या पदराला मागे सुटे धागे किंवा ते कापल्याच्या खुणा असतात. दुकानदार काहीही म्हणो, पदर उलटा करून बघायचाच. गौरीहराला बसताना नेसायची पिवळी अष्टपुत्रीही तिथेच मिळाली.

मग आईची साडी. ती सरळ फिक्या रंगांच्या गठ्ठ्याकडे गेली आणि एक बदामी साडी उचलली. मी जांभळी पुढे केली. तिने बाजूला ठेवली. मी डाळिंबी काढायला लावली. तीही बाजूला. चौथ्या साडीला मी दुकानातच जरा चढ्या आवाजात म्हणाले, "आई, आता कोण काय म्हणणार आहे? नेस ना जरा छान काहीतरी!" दुकानातला मुलगा खाली बघून घड्या घालायला लागला. आईने बदामी साडीचं बिल करायला सांगितलं.

घरी येताना रिक्षात ती गप्प होती. नळस्टॉप ओलांडल्यावर म्हणाली, "मला पुढे बसवून तुला काय सिद्ध करायचंय?"

मी हेरवाडचं सांगायला लागले. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या गावांना तसं आवाहन केलं. त्या बातमीचं कात्रण मी तेव्हा जपून ठेवलं होतं. आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "चांगलंच केलं त्यांनी. माझ्या बांगड्या कोणी फोडल्या नव्हत्या. मी काढून ठेवल्या. मला घालवत नव्हत्या."

मग बऱ्याच वेळाने, घरी चहा घेताना, तिने जे सांगितलं ते मी आजही विसरलेले नाही. "प्रत्येक सत्यनारायणाला तुझे बाबा माझ्या डाव्या हाताला असायचे. पळी त्यांच्या हातात, मंत्र त्यांच्या तोंडात. मी त्यांच्या हाताला हात लावून बसायचे, तेवढंच माझं काम. सव्वीस वर्षं तेवढंच केलं. आता दोनशे माणसांपुढे एकटी बसले की ती डावीकडची जागा सगळ्यांना दिसणार. मला तर दिसणारच. आणि पळी हातात धरून करायचं काय, ते तरी मला कुठे येतं?"

लोकांच्या बोलण्याला ती घाबरत असेल असं मी धरून चालले होते. तिला बाबांची आठवण आड येत होती. आणि जी गोष्ट आयुष्यभर कोणी शिकवलीच नाही, ती सगळ्यांसमोर चुकेल याची धास्ती. या दोन्हींवर माझ्या कात्रणात उत्तर नव्हतं.

मी तिची माफी मागितली. काका-काकूंना बसवू म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. ती म्हणाली, "थांब, दोन दिवस दे."

दोन दिवसांचे दहा झाले. तेवढ्यात माझा ब्लाउज बिघडला, पत्रिका छापून आल्या, पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीपुढे ठेवून झाली, दोन केळवणं झाली. अकराव्या दिवशी आईने स्वतः पुरोहित बाईंना फोन लावला. मी आतल्या खोलीत होते, एवढंच ऐकू आलं, "मला आधी शिकवाल का?"

त्या दोनदा घरी आल्या. मी फक्त पाणी नेऊन द्यायचे आणि बाहेर यायचे. आईने देवघरातलं बाबांचं तांब्याचं पळी-पंचपात्र चिंच लावून लख्ख केलं होतं. आचमन कसं करायचं, उजव्या हाताचा तळवा कसा ठेवायचा, पाणी किती घ्यायचं, संकल्पात आपलं नाव आणि गोत्र कुठे येतं, हे सगळं ती वहीत लिहून घेत होती. सकाळी पोळ्या करताना पुटपुटायची, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. पहिल्या दिवशी संकल्प म्हणताना तिचा आवाज बसला. चौथ्या-पाचव्या दिवशी नाही बसला. बाबांची पळी आईच्या हातात बघायला मला जड गेलं, हे कबूल करते. एकदा मीच उठून गॅलरीत गेले.

काकूला कसं सांगायचं हा प्रश्न उरलाच होता. तो आईनेच सोडवला. तिला घरी बोलावून म्हणाली, "कन्यादानात माझ्या ओंजळीवर पाण्याची धार तू धर. मला दुसरं कोणी नको." काकूने डोळे पुसले. आत्या मात्र शेवटपर्यंत नाराज राहिली. ग्रहमखाला आली नाही, लग्नाला आली, जेवून गेली. ते अजून तसंच आहे.

कन्यादान ठेवायचं की नाही यावर मी आणि माझा होणारा नवरा खूप बोललो होतो. मुलीचं दान हा शब्द मला टोचतो, आजही. कायद्यालाही ते लागत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 7 मध्ये सप्तपदीचा उल्लेख आहे, जिथे ती रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. मार्च 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही कन्यादान हा विवाहाचा आवश्यक विधी नाही असं म्हटलं. तरी आम्ही तो ठेवला, एका वचनासाठी. धर्मात, अर्थात, कामात हिला ओलांडून जाऊ नकोस, असं मुलीकडचा माणूस म्हणतो आणि मुलगा 'नातिचरामि' असं वचन देतो. ते माझ्या आईने मागावं असं मला वाटत होतं. आम्ही एक बदल केला. त्याच्यानंतर मीही त्याला तेच वचन दिलं. एरवी नवरीच्या तोंडी ते नसतं. पुरोहित बाई म्हणाल्या, अर्थ समजून म्हणणार असाल तर जरूर म्हणा.

मुहूर्ताच्या दिवशी, म्हणजे जात्याला आणि मुसळाला आंब्याची पानं बांधून हळकुंडं दळतात त्या दिवशी, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी बोलवायला गेले. ती म्हणाली, "मी पाटावर बसणार आहे. हे मला नको वाटतंय, तर नको." मी परत फिरले. सहा महिन्यांपूर्वी मी तिला हाताला धरून आणलं असतं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या माणसाने सवयीने दोन पाट मांडले होते. आईने त्यातला डावीकडचा उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग बदामी साडीचा पदर खांद्यावरून घेऊन बसली, पळी उचलली आणि आचमन केलं. संकल्पात तिने स्वतःचं नाव स्पष्ट उच्चारलं. मी अंतरपाटाच्या वेळी रडले नाही, तिथे रडले. कन्यादानात काकूने धरलेली धार थोडी वाकडी पडली, आईच्या मनगटावरून खाली गेली. वचन मागताना आई त्याच्याकडे बघत होती, पोथीकडे नाही. तिन्ही वेळा.

नोंदणीचं काम नंतर केलं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो, त्यावर तीन साक्षीदार आणि पौरोहित्य करणाऱ्याची माहिती लागते. लग्नाच्या दिवशीच पुरोहित बाईंची सही घेऊन ठेवली म्हणून दुसरी फेरी वाचली. एक साक्षीदार आई होती.

आता चुड्याचं सांगते. ते लग्नाच्या दोन दिवस आधीचं आहे, पण मला ते शेवटीच सांगायचं होतं. चुडा भरायला कासारीण घरी आली होती. नवरीचा हिरवा चुडा झाला की घरातल्या सगळ्या बायका बांगड्या भरून घेतात. काकू झाली, मावशी झाली, शेजारच्या दोघी झाल्या. आई दाराशी उभी होती. कासारीण बाई वयस्कर, चाळीसेक वर्षं हेच करणारी. तिने टोपली आवरली नाही. आईकडे बघून नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आणि तुम्हाला कोणत्या, ताई?"

खोलीतलं बोलणं थांबलं. मी तोंडाशी आलेले शब्द गिळले. काकूने माझा गुडघा दाबून धरला.

आई बराच वेळ टोपलीकडे बघत राहिली. मग पुढे येऊन बसली आणि उजवा हात पुढे केला. "हिरव्या नको," ती म्हणाली. "त्या मोरपंखी दाखवा."