मारव्यातला सा

रविवार, रात्रीचे साडेदहा. मारवा रागावरचा लेख आज परत पहिल्यापासून लिहायला घेतला, तिसऱ्यांदा. सकाळी जुना ड्राफ्ट उघडला तर पहिल्याच पानावर उदास, आर्त, अथांग, कातरवेळ असली विशेषणं नुसती ओतलेली, आणि मारव्याच्या जागी पूरिया टाकलं असतं तरी एक शब्द बदलावा लागला नसता. याला विश्लेषण कोण म्हणेल? सगळं डिलीट केलं. जीवावर आलं थोडं, 'अथांग' मला आवडला होता.

आता मारवा, पूरिया, सोहनी तिन्हींचे स्वर तेच, रे कोमल, म तीव्र, प नाहीच, तरी कान तयार असेल तर दोन-तीन आलापांत कळतं कुठला राग चाललाय. मारव्याचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, रे आणि संवादी, म्हणजे त्याखालोखालचा, ध, पूरियाचे ग आणि नि, सोहनी वरच्या अंगाला खेळते, हे सगळं बरोबरच आहे, परीक्षेत मार्क पडतील, पण ऐकताना पोटात जे होतं ते का होतं ते यातून कळत नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठीत, गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांत का लिहिलं असेल ते आत्ता कुठे जाणवतंय, मधेच कुणीतरी "पण असं का?" विचारणारं लागतंच.

दुपारी ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा तो मारवा लावला, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेल्या रेकॉर्डमधला. विलंबित झुमरा तालात, 14 मात्रांचं आवर्तन इतकं सावकाश की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी येणार ते विसरायला होतं. वही घेऊन बसले, कुठल्या स्वरावर थांबतात तिथे रेघ मारायची. रे आणि धच्या रकान्यात रेघाच रेघा, 'सा'चा रकाना बराचसा रिकामा. मी खुशीत लिहिलं, 'मारव्यात सा टाळलेला असतो.'

आईला वाचून दाखवलं. ती गाण्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत शिकलेली, नंतर आम्ही झालो आणि पेटी कपाटावर गेली. भेंडी चिरता चिरता म्हणाली, "अगं, टाळलाय कुठे? तंबोऱ्यात चालूच आहे की अखंड."

मग हात पुसून पेटी काढायला लावली. मी फोनवर तंबोरा लावला, मारव्यात प नाही म्हणून पहिली तार निषादात, म्हणजे नि मध्ये. तिने काळी चार या पट्टीला सा धरला, शेजारच्या पांढरी सहा पट्टीवर बोट ठेवलं, तोच कोमल रे, आणि भाता हलवत बसून राहिली. खाली सा, वर अगदी खेटून रे, दोघं एकमेकांना घासतायत, कानाला सारखं वाटतं आता उतरेल, आता उतरेल. ती ग, रे करून परत ध कडे जायची आणि 'सा'ला काही हातच लावेना. मीच वैतागून म्हटलं, "आई, घे ना गं सा." ती हसली आणि परत रे.

म्हणजे तंबोरा सा सोडत नाही आणि गाणारा त्याच्यावर टेकत नाही, मधली ओढ आपल्या अंगावर. खाली घर दिसतंय आणि जिन्यातच बसवून ठेवलंय, असं काहीतरी. (ही उपमा लेखात नको.)

मघाचं वाक्य खोडून त्याजागी लिहिलं, 'तंबोरा ज्या स्वरावर थांबलेला आहे त्यावर गायक थांबत नाही.' दिवसभरात एवढं एकच वाक्य टिकलंय. पूरियाचं असंच वहीत मांडायचंय, उद्या ऑफिसहून आल्यावर, आणि पेटीच्या भात्याला भोक आहे, ते बुजवून घ्यायला हवं.