मानधन, प्रवास, रिचार्ज

आमच्या संस्थेला देणगी द्यायला माणसं तयार असतात. शाळेला पाण्याचा फिल्टर, मुलींना सायकली, दवाखान्याला व्हीलचेअर, रुग्णांना धान्याचे संच, हे सगळं मिळतं. सायकलीवर नाव रंगवता येतं, फोटो निघतो, आणि देणाऱ्याला आपला पैसा कुठं गेला ते डोळ्यांनी दिसतं. पण क्षयरोग झालेल्या माणसाच्या घरी आठवड्याला जाणाऱ्या ताईचं मानधन कोण देईल असं विचारलं, की बोलणं थांबतं. "तो तुमचा प्रशासकीय खर्च झाला," असं एका कंपनीच्या अधिकाऱ्यानं मला फोनवर सांगितलं. मला ते मुळीच पटलं नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली. पतसंस्थेत रोखपाल होते. निवृत्त झाल्यावर इथल्याच एका लहान विश्वस्त संस्थेचे हिशेब बघायला लागले. संस्थेत तीन ताया आहेत, तिघीही आसपासच्याच गावांतल्या. क्षयरुग्णांचा पाठपुरावा, किशोरी मुलींचे गट आणि संध्याकाळची अभ्यासिका एवढंच आमचं काम. खतावणी उघडली तर मोठे आकडे तीन खात्यांत दिसतात: मानधन, प्रवास आणि मोबाईल रिचार्ज. ऑडिटच्या वेळी लोकांना तिथंच शंका येते. माझ्या मते संस्थेचं सगळं काम त्याच तीन खात्यांत आहे.

टीबीचंच बघा. नेहमीच्या टीबीचा औषधोपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तपासणी फुकट होते. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे औषध आहे, पैसा आहे, कागदावर सगळं आहे. आता आमच्या भागाचं वर्ष कसं चालतं ते सांगते. पावसाळ्यात ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात कुठंही, आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाव रिकामं. ऊसतोडीचा हंगाम आणि टीबीचा कोर्स, दोन्ही जवळपास सारख्याच लांबीचे. ऑगस्टमध्ये निदान झालेला माणूस औषधाच्या ऐन मध्यावर गाडीत बसतो.

तोपर्यंत त्याला बरं वाटायला लागलेलं असतं. ताप गेला, खोकला कमी झाला, दोन घास जास्त जायला लागले. इथंच गोळी सुटते. काहींची त्याच्याही आधी सुटते, कारण त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळं लघवी केशरी-लाल होते आणि माणूस घाबरतो. कुणी आधी सांगितलं असेल तर घाबरत नाही. आमची थोरली ताई पहिल्याच भेटीत, घरातल्या सगळ्यांसमोर, स्पष्ट सांगून येते: "दादा, लघवी लाल होईल, ते रक्त नाही, गोळीचा रंग आहे. आनंदानं गोळी घ्यायची." बायको, आई, सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळं एक जण विसरला तरी दुसरा आठवण करतो.

टोळी निघायच्या आधी ताईची धावपळ सुरू होते. कोणता रुग्ण कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला चालला आहे, याची यादी ती करते. त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे टीबी रुग्ण म्हणून झालेल्या सरकारी नोंदीचा क्रमांक, त्याच्या बायकोच्या फोनमध्येही लिहून ठेवते. त्या क्रमांकावर देशात कुठंही उपचार पुढे चालू ठेवता येतात, नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडं वर्ग करता येते. सोय चांगली आहे. पण रुग्णाला विचारलं तर तो फक्त कारखान्याचं नाव सांगतो आणि म्हणतो, फड नदीच्या कडंला आहे. कोणतं गाव, कोणतं प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याला काय ठाऊक! मग ताई मुकादमाला फोन करते, तिथल्या आशाताईचा नंबर मिळवते, टीबी सुपरवायझरशी बोलते. रुग्णाला फोन करायचा तो रात्री, कारण दिवसभर तो फडात असतो आणि ट्रक भरायला आला तर रात्रीही नसतो. दवाखान्यात जायला सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. म्हणून गोळ्या कोपीपर्यंत, म्हणजे त्याच्या तिथल्या झोपडीपर्यंत, कशा पोचतील हे ताईला इथं बसून जमवावं लागतं. मोबाईल रिचार्जच्या खात्यात हे सगळं आहे. त्या खात्यासमोर मी एवढी गोष्ट लिहू शकत नाही, तिथं फक्त रक्कम लिहायची असते.

मागच्या हंगामात एका तरुणाच्या गोळ्या तिकडं गेल्यावर चार दिवस बंद पडल्या होत्या. ताईला ते कळलं त्याच्या बायकोच्या आवाजावरून. "काकू, ती 'हो हो, घेतात' म्हणाली, पण तसं म्हणाली नाही," असं ताईनं मला सांगितलं. तिनं लगेच तिथल्या आशाताईला त्यांच्या कोपीवर पाठवलं. तो कोर्स पूर्ण करून परत आला, थुंकीची तपासणी स्वच्छ आली. आवाजावरून एवढं ओळखायला त्या घरात आधी कितीदा तरी बसावं लागतं, तिथला चहा घ्यावा लागतो. म्हणून प्रवासखर्च.

मुलींच्या कामाचंही तसंच आहे. उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळं हंगामाच्या तोंडावर पोरीचं लग्न उरकून जोडी पाठवायची, असं काही घरांत होतं. आई-बाप सहा महिने बाहेर, वयात आलेली मुलगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीतीही खरी असते. त्या भीतीला कमी लेखून चालत नाही. अशा घरी कायद्याचं पुस्तक घेऊन गेलं तर दार बंद होतं. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन क्रमांक गटातल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे, पण त्याच्या आधीची पायरी ताईची असते. मुलीची आजी गावात राहणार आहे का, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव लागेल का, मावशीकडं ठेवता येईल का, हे ती त्या घराबरोबर बसून सोडवते. शाळेतून नाव कमी झालं नाही की पुढचं बरंच टळतं.

आणि टाळायचं काय आहे तेही सांगायला हवं. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कमी वयात लग्न, कमी वयात बाळंतपणं, फडावर ना संडास ना पाणी, पाळीत सुट्टी नाही, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाका. आमच्या किशोरी गटात पाळीबद्दल, पांढऱ्या पाण्याबद्दल, रक्त कमी असण्याबद्दल बोलणं होतं ते म्हणूनच. पुढं पंचवीस-तिशीत यातल्या एखादीला कुणी "पिशवी काढ" म्हटलं, तर "आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते" एवढं तिच्या तोंडून निघालं पाहिजे.

अभ्यासिकेबद्दल थोडंच सांगते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली तिथं बसतात. पुस्तकं भरपूर देणगीत आली आहेत. वीजबिल मात्र कुणाच्याच योजनेत बसत नाही.

माझं हे म्हणणं नवीन नाही. आमच्यापासून जवळच, जामखेडला, हे फार आधी सिद्ध झालं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० साली तिथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यांत पाठवून पाहिल्या. ते टिकलं नाही, कारण नर्स गावाला परकी आणि गाव तिला परकं. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडून आलेल्यांत कितीतरी दलित समाजातल्या होत्या, अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, मुक्काम करायच्या, एका पंगतीला जेवायच्या. सुरुवातीला काही जणी दुसरीच्या हातचं खायला तयार नव्हत्या. पुढं त्याच एका मोठ्या पांघरुणाखाली झोपू लागल्या. सुरक्षित बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, कुष्ठरोगाचा डाग ओळखणं, हे त्या बायकांनी गावोगाव नेलं. १९७१ च्या सुमाराला तिथल्या गावांत दर हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत; नव्वदच्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कुणी म्हणेल, जामखेडच्या बायकांना तर नोकरीसारखा पगार नव्हता. खरं आहे. त्या स्वयंसेवेनं काम करत, आणि पोटापाण्यासाठी त्यांना छोट्या उद्योगांना, कर्जांना मदत मिळे. पण त्यांच्यावर खर्च झाला नाही असं कुणी म्हणू नये. दर आठवड्याचं शिक्षण, मुक्काम, जेवण, आणि तेही वर्षानुवर्षं. एकदा शिबिर घेतलं, प्रमाणपत्र वाटली, झालं, असं तिथं नव्हतं. मला विचाराल तर त्या प्रकल्पाची खरी गुंतवणूक तीच होती.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब देणं, वजन करणं, लगेच अंगावर पाजायला लावणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बालमृत्यू साधारण ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि ते संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळांच्या भेटी देशभर सुरू केल्या. गडचिरोलीच्या झोपड्यांतून निघालेली गोष्ट देशाची झाली, याचा मला फार अभिमान आहे. आता रोखपालाच्या नजरेनं पुढचा हिशेब बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. या सहा भेटींचं ठरलेलं मानधन २५० रुपये. एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. वस्तीवर जायला-यायला तेवढं पेट्रोल लागतं. सरकार असो नाहीतर देणगीदार, बाळ वाचवणाऱ्या हातांना द्यायची वेळ आली की सगळ्यांचाच हात आखडतो.

सुरुवातीला सांगितलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं प्रशासकीय खर्चाचा मुद्दा काढला, त्याचं उत्तर मी वाचून काढलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, यालाच सीएसआर म्हणतात. त्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती मर्यादा कंपनीनं स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प गावात प्रत्यक्ष राबवणाऱ्या ताईचं मानधन त्यात येत नाही, तो प्रकल्पाचाच खर्च. आता प्रत्येक प्रस्तावासोबत मी हे पहिल्या पानावर जोडते. परदेशी देणगीचा नियम वेगळा आहे, तिथं २०२० पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली. या दोन नियमांची लोक गल्लत करतात.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी घरांना माहीत असते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही योजना लागू केली, आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. पण वस्तीवरचा माणूस पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाच्या दारात उभा राहिला की त्याला आधी पहारेकरी दिसतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, समाजसेवा विभागाची खिडकी, काहीच माहीत नसतं. आमची धाकटी ताई गेल्या वर्षी एका आजोबांबरोबर एसटीनं गेली, दोन दिवस तिथं राहिली आणि ऑपरेशन मोफत करून आणलं. आमच्या वहीत त्याची नोंद आहे: प्रवास, दोन माणसं, जाऊन-येऊन, आणि जेवण.

देणगी द्यायची असेल तर माझी विनंती एवढीच आहे. जवळच्या छोट्या संस्थेकडं जा, ऑडिट मागा, करसवलतीची पावती घ्या. रक्कम कायमनिधीत जमा करा असं पत्रात लिहिलंत तर ती आम्हाला खर्चता येत नाही, फक्त व्याज वापरता येतं. म्हणून सरळ "कामाला लागेल तिथं, मानधनासह" असं लिहा. आणि एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडी, पण तीन वर्षं चालणारी द्या. ताईला पुढच्या वर्षी आपण असू का ही धास्ती राहत नाही, आणि तिला नोकरी बदलावी लागली नाही की त्या घरांतली ओळखही तिच्याबरोबर जात नाही.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतील. यंदाच्या यादीत अकरा रुग्ण आहेत, त्यातल्या चौघांचे कारखाने कर्नाटकात आहेत, आणि तिकडच्या आशाताईंशी बोलायला कन्नड येणारं कुणीतरी आम्हाला हवं आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल, संध्याकाळी तासभर फोनवर बसायला तयार असेल, तर मला जरूर कळवा. त्यांच्या रिचार्जचे पैसे संस्था देईल.